पद्माक्कांचा नेम

पद्माक्कांच्या दुकानातून पाव किलो शेंगदाणे आणायला दहा मिनिटं लागायची. शेंगदाणे तोलायला अर्धं मिनिट आणि बाकीचा वेळ पुडीचा कागद वाचायला.

त्यांच्या गादीशेजारी रद्दीचा गठ्ठा असे. वरचा कागद उचलायचा, तागडीतले शेंगदाणे तसेच ठेवायचे आणि कागद डोळ्यांपुढं धरायचा. चष्म्याची डावी काडी कधीतरी मोडली होती, तिथं पांढरा दोरा बांधून तो कानामागं अडकवलेला. उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली ठेवून त्या मोठ्यानं वाचू लागत. एकेक अक्षर, मग शब्द, मग वाक्य. एखादं वाक्य आवडलं की "थांब" म्हणत. हे कुणाला म्हणत ते मला कधी कळलं नाही, कारण गिऱ्हाईक तर थांबलेलंच असायचं. मग तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा. कधीकधी तो कागद त्या घडी करून गादीखाली सारत आणि शेंगदाण्यांसाठी दुसरा कागद घेत.

"ह्यो न्हाय द्यायचा," त्या सांगत. "ह्यातली बाई चांगली हाय."

त्यांचा मुलगा भरत आतून ओरडायचा, "अव्वा, गिऱ्हाईक उभं हाय."

"ऱ्हाऊ दे की. पाय दुखत्यात व्हय त्येचं?"

पाय दुखत असायचे. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पद्माक्कांशी वाद घालणारं कुणी नव्हतं.

त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. तिथं त्या कानडी तिसरीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन कोल्हापुरात ह्या किराणा दुकानात आल्या. मराठी बोलणं गल्लीनं शिकवलं, अक्षरं रद्दीनं. "मालक म्हणलं, आता ह्या वयात शाळंला जातीस व्हय? म्या म्हणलं, मी कशाला जातो? शाळाच येती की हितं, किलोकिलोनं." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलत. आणि रद्दीच्या शाळेमुळं त्यांना एक सवय लागली होती. पुडीच्या कागदावर गोष्टीचं एखादंच पान असतं, ना त्याला आगा ना पिछा. त्यामुळं अख्खं पुस्तक हातात आलं तरी त्या ते मधूनच उघडत. एक-दीड पान वाचून झालं की पुस्तक मिटत आणि "साकु" म्हणत. कानडीत साकु म्हणजे पुरे. ते इतक्या तृप्तीनं म्हणत, जसा पंगतीत पोटभर जेवलेल्या माणसानं वाढप्याला हात आडवा करावा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि सांगायला मला आवडणारही नाही.

मी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गात बाकाखाली गोष्टीचं पुस्तक धरून वाचणारी मुलं मी लांबून ओळखायची आणि पुस्तक काढून घ्यायची. माझी मुलगी मुक्ता चौथीत असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. जे होतं ते शाळेत होतं, हे मला कळत होतं, कारण मी स्वतः शाळेतच होते. मी नोकरी सोडली, मुक्ताला आणि धाकट्या ओमला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. नवरा, संजय, "बघू या" म्हणाला.  

मला वाटलं, मी मुलांना शाळेतून सोडवलं. प्रत्यक्षात मी इमारत तेवढी सोडली होती. बाकी सगळी शाळा मी पिशवीत घालून घरी आणली होती. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही मी आखली. पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, पाच नवे शब्द, तात्पर्य, शेरा. प्रत्येक पुस्तक वाचून झालं की मुक्तानं रकाने भरायचे. कुणी विचारलं की घरी बसून मुलं करतात काय, तर मला दाखवायला पुरावा हवा होता. जी मुलगी पलंगाखाली टॉर्च घेऊन वाचायची ती आधी बारीक पुस्तकं निवडायला लागली, मग चित्रांची, मग कुठलीच नाही. एकदा मी नवं पुस्तक आणलं तेव्हा ती म्हणाली, "वही भरायची असेल तर नको." मी तिला वाचनाच्या महत्त्वावर अर्धा तास बोलले. 

त्या वर्षी गणपती गेले, पाऊस उघडला आणि संजयच्या कारखान्याची सोमवारची सुट्टी आम्ही भटकायला वापरायची ठरवली. मी त्याचाही विषय केला होता, परिसर अभ्यास. पहिल्या सोमवारी आम्ही व्हॅनमध्ये डबे ठेवत होतो. दुकान सोमवारी बंद असे, त्यामुळं पद्माक्का पायरीवर बसलेल्या.

"मास्तरीण, कुठं चाललासा सगळी?"

"मसाई पठारावर, आक्का. फुलं बघायला."

"फुलं बघायला येवढ्या लांब?" त्यांनी क्षणभर विचार केला. "थांबा, मी बी येतो."

त्या आत गेल्या, कापडी पिशवी घेऊन आल्या आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसल्या. त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली आणि मी मुलांबरोबर मागं. त्यांची अट एकच होती, दिवस मावळायच्या आत घरी पोचवायचं, कारण त्यानंतर त्या जेवत नसत. पिशवीत त्यांनी स्वतः केलेली बिनलसणाची भडंग असे. ओमचं म्हणणं होतं की लसूण नाही तर ती भडंगच नाही. हे तो प्रत्येक सोमवारी त्यांना ऐकवायचा आणि दोन वाट्या खायचा.

पठारावर मी मुलांना कागद वाटले. दहा फुलांची नावं, रंग, पाकळ्या. मुलं तोंड पाडून फुलं मोजायला लागली. पद्माक्का एका दगडावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून साखरेच्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. त्याला पुढची पंधरा-वीस पानं नव्हती, मागची किती गेली होती देव जाणे. रद्दीत आलेलं. नाव नाही, लेखक नाही. त्यांनी ते मधेच उघडलं आणि वाचायला लागल्या. एक सर्व्हेअर माळावरच्या रिकाम्या बंगल्यात राहायला येतो. कुलूप तो स्वतः उघडतो, सगळीकडं धूळ, पण स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर चूल गरम.

"थांब," पद्माक्का म्हणाल्या. "सग-ळी-कडं धूळ... पण चूल ग-रम."

ओमच्या हातातला कागद वाऱ्यावर गेला. मुक्ता कधी जवळ येऊन बसली कळलं नाही.

"साकु," म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग?" ओम म्हणाला.

"मग काय? आधी काय झालं असंल ते सांग की. ह्यो माणूस हितं आला कशापायी?"

"चूल कुणी पेटवली ते सांगा ना."

"ते बी कळंल. आधी ह्येला हितं आणला कुणी ते तर बघू."

परतीच्या वाटेवर सर्व्हेअर का आला ह्यावर दोन्ही मुलं भांडत होती. संजयही अधूनमधून आपलं मत देत होता. सर्व्हेअरची बायको, कर्ज, मोजणीतली चूक, एक हरवलेला कुत्रा. माझ्या कागदावर दहांपैकी तीन फुलं भरली होती. मी चिडले होते. पद्माक्कांनी मागं वळून भडंगाचा डबा माझ्यापुढं धरला. "खा, मास्तरीण. फुलं काय पळून जात न्हाईत."

दुसऱ्या सोमवारी जोतिबाला गेलो. पायऱ्यांवरच्या एका नारळवाल्यानं मुलांकडं बघून विचारलं, "पावणं, पोरांस्नी शाळा न्हाय आज?" हा प्रश्न मला रोज भेटायचा आणि त्याचं माझं पाठ केलेलं पाच मिनिटांचं उत्तर होतं. मी तोंड उघडायच्या आत पद्माक्का म्हणाल्या, "ही शाळाच हाय की. चालती शाळा. तुला बसायचं असंल तर ये." नारळवाला हसला आणि त्यानं मुलांच्या हातावर खोबऱ्याचे तुकडे ठेवले. मुक्ता कित्येक महिन्यांनी अनोळखी माणसासमोर हसली.

वर झाडाखाली बसल्यावर मुक्तानं पुस्तक स्वतःच मागितलं. तिनं ते मधूनच उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. अकरा वर्षांची, झरझर वाचता येणारी मुलगी मुद्दाम सावकाश वाचत होती, आणि आवडलेल्या वाक्याला "थांब" म्हणून मागं जात होती. मी बोट ठेवायची सवय मोडायला तिच्या पहिलीचं अख्खं वर्ष घालवलं होतं. मी "बोट काढ" म्हणणार होते. पद्माक्का डोळे मिटून ऐकत होत्या, म्हणून नाही म्हटलं.

घरी आल्यावर मी वही पुढं केली. मुक्तानं नावाच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. लेखक, माहीत नाही. तात्पर्य, चूल कुणी पेटवली ते अजून कळलेलं नाही. मी लाल पेननं 'अपूर्ण' असं लिहिलं. पण त्याच आठवड्यात जेवणाच्या ताटाशेजारी पुस्तक दिसायला लागलं. जिन्यात, गच्चीवर, कपड्यांच्या घडीत उघडी पालथी पुस्तकं सापडायला लागली. सगळी मधूनच वाचलेली. एका दुपारी मी ओरडायला गच्चीवर गेले आणि तिच्याशेजारी बसून तेच पुस्तक तासभर वाचत राहिले. वाचून त्याचं काय करायचं असा विचार न करता मी शेवटचं कधी वाचलं होतं मला आठवेना. खाली आल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त झाल्या होत्या आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

हे सगळं पद्माक्कांमुळं झालं. मला हे तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच पुढं मी जे केलं त्याला सबब नाही.

दसऱ्याला माझे मोठे दीर आले. ते मुरगूडला मुख्याध्यापक आहेत. वाईट माणूस नाही. सोनं देऊन झालं, श्रीखंडपुरी झाली, आणि सुपारी कातरत त्यांनी सहज विचारलं, "मुलं वाचतात म्हणतेस, पण वेग किती? पातळी कुठली? मोजलंयस का कधी?" मी मोजलं नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचं मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या मुलांचं मोजलं नव्हतं. मला ते इतकं लागलं की रात्रीचं जेवण गेलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही गडमुडशिंगीला पद्माक्कांच्या भाच्याच्या रानात गेलो. भुईमूग काढणी चालली होती. बांधावर बसून मी मोबाईलमधलं घड्याळ लावलं, मुक्ताच्या हातात उतारा दिला आणि म्हणाले, "एक मिनिट. सुरू." ती वाचायला लागली, अडखळली, पुन्हा लागली, आणि मधेच उतारा मांडीवर ठेवून रडायला लागली. आवाज न करता, शाळेत रडायची तसं.

पद्माक्का ओल्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि चष्म्याचा दोरा कानामागं नीट केला.

"त्यात काय रडायचं? आण हिकडं तो कागूद. मास्तरीण, माझं बी बघ की किती व्हतंय. लाव तुझं घड्याळ."

त्या मुक्ताला हसवायला पुढं झाल्या होत्या, हे तिथल्या शेंगा तोडणाऱ्या बायकांनासुद्धा कळलं असेल. त्यांनी वाचलं. अक्षर, शब्द, वाक्य. आवडलं तिथं "थांब" म्हणून मागं गेल्या. मिनिट झाल्यावर मी "थांबा" म्हणाले तर म्हणाल्या, "तू बी थांब म्हणतीस व्हय आता?" मुक्ता डोळे पुसत हसली. तिथं ते संपायला हवं होतं.

मी वही काढली. मुक्ताचं लिहिलं, ओमचंही मिनिट लावून लिहिलं, आणि हात चालूच होता म्हणून तिसरी ओळ आखली. गंमत म्हणून लिहिलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण गमतीत लिहिताना माणूस पट्टी घेऊन रेघ मारत नाही. मी मारली.

त्या दिवशी परतताना ओमनं पुन्हा विचारलं, चूल कुणी पेटवली. पुस्तकाची शेवटची पानं नव्हतीच, पण पद्माक्कांचं म्हणणं होतं की त्यांना कळलंय.

"पुढच्या सोमवारी सांगतो. गुऱ्हाळात. चुलीम्होरं बसून सांगायची गोष्ट हाय ती."

आठवडाभर मुलांना दुसरा विषय नव्हता. मुक्तानं एका कागदावर स्वतःचं उत्तर लिहून तो चिकटवून बंद केला आणि मला बजावलं, "हे वहीसाठी नाही."

मुरगूडच्या रस्त्याला एक गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं. दुपारची वेळ, चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत रस उकळतोय. पद्माक्का चुलवाणापासून जरा लांब एका पोत्यावर ऐसपैस बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना मुलं, हातात काकवीच्या वाट्या. मी गुळव्याला रस किती वेळ उकळावा लागतो वगैरे विचारत होते, मुलांना नंतर लिहायला लावायला. हात मोकळा असावा म्हणून वही पद्माक्कांच्या मांडीवर ठेवून आले होते.

त्यांच्या हाती पडलेला कुठलाही कागद त्या वाचत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला माहीत होतं.

"अगं बया, माझं नाव हाय की ह्यात," असा त्यांचा खुशीतला आवाज आला. "प-द्मा-व-ती." मुलं हसली. बोट पुढं सरकलं. "वा-चन वेग. मि-नि-टाला एकोणीस शब्द." ओमनं टाळी वाजवली, त्याला वाटलं बक्षीस आहे. "पा-तळी. इय-त्ता दुसरी."

मी तिकडं चालायला लागले होते. पळायला हवं होतं. त्यांचं वाचन असं होतं की अक्षरं आधी तोंडातून जायची आणि अर्थ मागून यायचा, म्हणून त्या थांबल्या नाहीत.

"बोट ठेवून वाचतात. ए-कच वाक्य पुन्हा पुन्हा वाचतात. शेरा. व-यो-मा-ना-नुसार सुधारणेस वाव कमी."

बोट तिथं थांबलं. सवयीनं त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. "सु-धा-र-णेस वाव कमी." मग मुक्ताकडं वळून विचारलं, "वाव म्हंजे गं?"

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. ती अकरा वर्षांची होती आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. "जागा," ती म्हणाली. "म्हणजे, सुधारायला जागा कमी आहे."

"आस्सं," पद्माक्का म्हणाल्या.

त्यांनी वही मिटली. साकु म्हणाल्या नाहीत. मी समोर उभी होते. त्यांनी वही दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"अक्षर सुंदर हाय की तुमचं, मॅडम," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या मला मास्तरीण सोडून काही म्हणाल्या नव्हत्या आणि 'तू' सोडून कधी 'तुम्ही' आलं नव्हतं. मी काहीतरी बोलले. "आक्का, ते आपलं सहज," असं काहीतरी. त्यांनी मान हलवली, जणू मी ऊन फार आहे म्हणाले होते.

"आक्का, चूल कुणी पेटवली?" ओमनं विचारलं.

"इसरलो बघ, बाळ."

परतताना त्या नेहमीप्रमाणं पुढं बसल्या. मुक्तानं तिचा चिकटवलेला कागद खिडकीतून टाकला. मी तो पाहिला आणि गाडी थांबव म्हणाले नाही.

पुढच्या सोमवारी त्या आल्या. नसत्या आल्या तर बरं झालं असतं. भडंगाचा डबा होता, पुस्तकाची पिशवी नव्हती. रंकाळ्याच्या काठावर बसल्यावर ओमनं पुस्तक मागितलं.

"नेम घेतलाय मी," त्या म्हणाल्या. "चातुर्मासात एक आवडीची वस्तू सोडायची असती आमच्यात. म्या वाचन सोडलं."

"किती दिवस?"

"चातुर्मास संपूस्तवर."

माझ्या शाळेत निम्म्या शिक्षिका पद्माक्कांसारख्याच जैन होत्या. हा नेम आषाढात घेतात, दिवाळी तोंडावर आल्यावर नाही, हे मला माहीत होतं. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी गोड सोडतं, कुणी चप्पल. आणि वाचन तर ह्याच चार महिन्यांत जास्त करायचं असतं, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बसून बायका पोथ्या वाचतात. वाचन सोडायचा नेम कुणी घेत नाही. त्यांनी मुलांसाठी एक खोटं रचलं होतं आणि त्याची पहिली गरज मला होती. मुलांसमोर माझं नाव निघू नये म्हणून त्यांनी ते देवाच्या नावावर टाकलं. मी त्या क्षणी म्हणू शकले असते की मी चुकले. मी भडंग खाल्ली.

दुकानातही तसंच झालं. त्या वरचा कागद न बघता ओढत, पुडी बांधत, दोरा गुंडाळत. पाव किलो शेंगदाणे अर्ध्या मिनिटात मिळायला लागले. गल्लीतले लोक म्हणाले, बरं झालं, आक्का सुधारल्या.

दिवाळी झाली, कार्तिक सरला. ओम कॅलेंडर घेऊन त्यांच्या पायरीवर गेला. "आक्का, संपला चातुर्मास."

"वाढवलाय, बाळ," त्या म्हणाल्या.

 मुक्ता वाचत राहिली, आजही वाचते, पण तिच्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर असतं आणि काय वाचतेस विचारलं की "काही नाही" म्हणते. तिचं वाचन पद्माक्कांनी परत आणलं. ते माझ्यापासून सांभाळायचं, हे ती माझ्याकडूनच शिकली.

वहीतलं ते पान मी फाडलं. संजय म्हणाला, "पान फाडून काय होतंय? समोर राहतात त्या. जा आणि माफी माग." मी उद्या म्हणाले. असे बरेच उद्या गेले. संक्रांतीनंतर त्या लेकीकडं माहेरच्या बाजूला गेल्या आणि उन्हाळ्यात तिकडंच वारल्या. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, जेव्हा मी खरंच माफी मागायला गेले होते.

दुकान दुपारचं अर्धं मिटलेलं होतं. भरत नव्हता. मी बाजूच्या बोळातून मागच्या अंगणाकडं गेले आणि दाराशीच थांबले, कारण आतून आवाज येत होता. अक्षर, शब्द, वाक्य. सर्व्हेअर खिडकीत उभा होता आणि माळावरून कुणीतरी येत होतं. "थांब," पद्माक्का म्हणाल्या आणि मागं गेल्या. ऊन त्यांच्या पाठीवर होतं, समोर कुणी नव्हतं, आणि त्या एका वाक्याशी पुन्हा पुन्हा बोलत होत्या. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं, त्यांनी मला माफ केलं, आता बोलणं सोपं आहे. मी उंबऱ्यावर पाय टाकला आणि माझी चप्पल वाजली.

त्यांनी वर बघितलं. पुढच्या क्षणी पुस्तक पदराखाली गेलं होतं.

अकरा वर्षांत माझी चाहूल लागताच पुस्तक लपवणारे हात मी शेकड्यांनी पाहिले होते. हे हात सुरकुतलेले होते, एवढाच फरक. चेहरा तोच होता. ओरडा बसणार असं वाटणारा. पदराखाली त्यांचं बोट पुस्तकातच होतं, पान जाऊ नये म्हणून. ते मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांना कळत होतं.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "काय पायजे हुतं?"

माफीचे शब्द मी घरून जुळवून आणले होते. 

"शेंगदाणे," मी म्हणाले. "पाव किलो."

शेंगदाणे तोलायला त्यांना ते बोट पानातून काढावं लागलं.